सरकार वादी, अक्का साक्षीदार

होळीची राख अजून रस्त्याच्या कडेला असते तोवरच सोलापुरात वारं फिरतं. पहाटे अंगाला बरं वाटणारं वारं दहाच्या सुमाराला कोरडं होतं, बाराला त्यात फुफाटा मिसळतो. दुपारी दारं लावून घेतली तरी धूळ फटींतून आत शिरते आणि अंथरुणावर, भांड्यांवर, भाकरीच्या टोपलीवर बसते. बोलायला तोंड उघडलं की दातांखाली कचकचतं. या दिवसांत मी घरात कुणाला डोळे चोळू देत नाही. ओल्या फडक्याचे पिळे करून उंबऱ्याशी लावते. सुना आपसात हसतात, "आत्याबाईंचा डोळ्यांचा महिना लागला," म्हणतात. हसू देत.

परवा अशाच दुपारी गल्लीतल्या एक बाई आल्या होत्या. चांगल्या शिकलेल्या, मायेच्या. म्हणाल्या, "शेवंताबाई, त्या काळात तुम्ही लोकांनी धर्मशाळेचा दावा जिंकला होता म्हणे! केवढी मोठी गोष्ट!" मी हो म्हटलं, चहा दिला, त्यांच्या लेकीच्या परीक्षेची चौकशी केली. त्या गेल्यावर बशी विसळताना हातातून सुटली आणि फुटली. इतकी वर्षं झाली, पण 'जिंकला' हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, नागव्वा. अक्कलकोटच्या पलीकडं, जिथं निम्मं बोलणं कानडी आणि निम्मं मराठी, तिथल्या एका खेड्यात तिला दिली होती. नवरा लवकर गेला. पाच-सहा शेळ्या, गावकुसाबाहेरचं एक खोपटं आणि जीभ, एवढीच तिची इस्टेट. जीभ तर अशी की गावचा पाटील रस्ता बदलून जायचा. तिचे डोळे पिकत चालले होते. दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय. "शेळी दिसत न्हाय, शेळीचं ओरडणं दिसतंय," असं ती म्हणायची, आणि स्वतःच हसायची.

मी तेव्हा गिरणीत रिळाच्या खात्यात होते. सूत रिळावर चढवायचं, तुटलं की गाठ मारायची. संध्याकाळी कानांत यंत्र आणि केसांत कापूस घेऊन घरी यायचं. आमची खोली गिरणीच्या अंगाला, पत्र्याची. चैत्रात त्या पत्र्याखाली अंड्यातून पिल्लू बाहेर यावं एवढी ऊब. मी चौथीपर्यंत शिकले होते आणि महारवाड्यात तेवढ्यावर मला लोक चिठ्ठी वाचायला बोलवायचे. पुढं मी मास्तरीण झाले, ती गोष्ट निराळी.

दवाखान्यात मोतीबिंदू काढतात आणि माणसाला पुन्हा दिसतं, हे मीच अक्काला सांगितलं. मीच तिला आणवलं. हे लिहिताना अजूनही पेन थांबतं.

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी, म्हणजे गोऱ्या डॉक्टरनं, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. चार-पाच दिवस खाटेवर ठेवलं, मग सांगितलं, आता खाट दुसऱ्याला हवी. पट्टी दोन्ही डोळ्यांवर राहील, एक दिवसाआड ती बदलायला यायचं. उताणं पडून राहायचं, वाकायचं नाही, धुळीत बसायचं नाही. दवाखान्याच्या मागंच धर्मशाळा होती, बाहेरगावचे सगळे रोगी तिथंच उतरत. दगडी भिंती, उंच छत, आत शिरलं की माठात हात घातल्यासारखा गारवा. लोकल बोर्डाच्या पैशानं बांधलेली, गावातल्या चार पंचांच्या हाती सोपवलेली. आणि तेव्हा मुंबईच्या कौन्सिलात ठरावही झाला होता की सरकारी पैशानं बांधलेल्या विहिरी, शाळा, धर्मशाळा सगळ्या जातींना खुल्या. तो ठराव मी स्वतः वर्तमानपत्रात वाचला होता. वाचून अक्काला सांगितलाही होता.

"मग झालं की," अक्का म्हणाली. "सरकारी हाय तर मी ऱ्हाते तितं. तू कामावर खाडा करू नगंस. पट्टी निघायच्या दिवशी ये."

मी गेले नाही. तीन दिवस गेले नाही. चौथ्या दिवशी गिरणी सुटल्यावर भाकरी घेऊन धर्मशाळेच्या दारात गेले आणि आत तिचं नाव पुकारू लागले. राखणदार तुळशीराम पायरीवर बसला होता. म्हातारा, पाय सुजलेले. माझ्याकडं न बघता त्यानं हात लांब केला. समोर मैदानात कडुलिंबाचं झाड होतं, चैत्राची पालवी फुटत होती पण सावली म्हणून धरण्याजोगी नव्हती. त्याच्या बुंध्याला टेकून अक्का बसली होती. डोळ्यांवरची पट्टी मातीच्या रंगाची झाली होती.

"कोण? शेवंता?" ती म्हणाली. "बस. पानी हाय का?"

राखणदारानं जात विचारली होती. तिनं सांगितली होती. एवढंच झालं होतं. आरडाओरडा नाही, धक्का नाही. तुळशीराम म्हणाला होता, "बाई, मी गरीब मानूस, पंच मला काडून टाकतील." आणि दार लोटलं होतं. दिसत नसलेलं माणूस जाणार कुठं? पट्टी बदलायलाही तिला कुणी नेलं नाही. चाचपडत झाड सापडलं तिथं बसली. दुपारी वावटळ उठायची तेव्हा पदर तोंडावर घ्यायची. धर्मशाळेत तेव्हा लक्ष्मम्मा म्हणून एक तेलुगू बाई उतरली होती, विणकराची बायको. नवऱ्याचा पाय कापला होता म्हणून आलेली. ती दिवसातून दोनदा आपलं लुगडं भिजवून अक्काच्या डोक्यावर टाकायची आणि न बोलता परत जायची. अक्काला तिचं नावही ठाऊक नव्हतं. "बांगड्या वाजल्या की कळायचं, पानी आलं," म्हणाली.

दवाखान्यात नेऊन पट्टी सोडली तेव्हा पापण्यांत पू होता. मोठ्या साहेबांनी कंदिलासारखी काच धरून पाहिलं आणि इंग्रजीत एक शब्द टाकला. कंपाउंडरनं त्याचं मराठी केलं नाही. डोळा गेला होता.

मी धर्मशाळेच्या त्याच पायरीवर डोकं आपटून घेतलं. मी पहिल्या दिवशी आले असते तर, मी ठराव वाचून दाखवला नसता तर. अक्कानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "होगली," ती कानडीत म्हणाली. जाऊ दे. तिला ते जमलं. मला आजतागायत जमलेलं नाही.

डॉक्टर साहेबाला राग आला. अक्काचा डोळा गेला म्हणून आला की आपलं चांगलं झालेलं ऑपरेशन फुकट गेलं म्हणून आला, हे मला कधी कळलं नाही, पण राग खरा होता. त्यानं कलेक्टरला लिहिलं. पावसाळ्यात एक अव्वल कारकून अक्काच्या गावापर्यंत जाऊन जबाब घेऊन आला. आणि दिवाळीनंतर बातमी आली की सरकारनं धर्मशाळेच्या पंचांवर दिवाणी दावा लावलाय. धर्मशाळा सार्वजनिक आहे, तिथं कुणालाही मज्जाव करता येणार नाही, असं कोर्टानं ठरवून द्यावं, हे मागणं.

त्या दिवशी आमच्या वाड्यात काय झालं ते सांगून कळणार नाही. आमच्यावर दावे लागायचे, हे आम्हाला माहीत होतं. सरकार आमच्या वतीनं उभं राहतं, हे पहिल्यांदाच ऐकलं. लोक माझ्याकडं यायचे आणि म्हणायचे, "पुन्ना एकदा सांग, काय लिवलंय?" मी सांगायची: सरकार वादी. पंच प्रतिवादी. म्हातारी माणसं 'वादी' शब्द तोंडात घोळवायची, गुळाचा खडा घोळवावा तसा. मी मात्र त्या कागदात अक्काचं नाव शोधत होते. ते शेवटच्या पानावर सापडलं. साक्षीदार नंबर चार.

मग तारखा सुरू झाल्या. एका तारखेला पंचांचे वकील आजारी. एका तारखेला कागद पुण्याला गेलेले. एका तारखेला सगळे हजर, पण न्यायाधीशांना दुसरं काम निघालं. दर खेपेला अक्का आदल्या दिवशी गावाहून निघायची. डावा डोळा अजून थोडा उजेड-अंधार ओळखायचा, त्याच्या जोरावर. हुरड्याच्या दिवसांत आली तेव्हा ओच्यात माझ्यासाठी भाजलेली कणसं होती. कोर्टाच्या आवारात आम्ही भिंतीच्या कडेनं बसायचो. आवारात पाणपोई होती. बाकीच्यांना तांब्यानं पाणी, आम्हाला बाजूला पत्र्याची पन्हळ. वरून ओतायचे, खाली ओंजळ धरायची. सरकारच्याच कोर्टात! एकदा सरकारी वकील जवळून चालले होते तर अक्कानं ओली हनुवटी पुसत विचारलं, "साहेब, ह्या पन्हाळीवर दावा कवा लावायचा?"

वकील भले गृहस्थ होते. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. म्हणाले, "एका वेळी एक, बाई. एका वेळी एक."

मग उन्हाळा आला आणि कोर्टाला सुट्टी लागली. ऊन फार होतं म्हणून. न्यायाधीश थंड हवेला गेले, वकील गावी गेले, दाव्याचा कागद कपाटात गेला. पंचांच्या धर्मशाळेत त्या उन्हाळ्यातही रोगी उतरले, आणि आमचे रोगी त्या उन्हाळ्यातही झाडाखालीच बसले. मी गिरणीतून येताना मुद्दाम वाकडी वाट करून बघायची. दावा चालू असताना निदान लाजेनं तरी दार उघडतील असं मला वाटायचं. दावा चालू आहे, हेच त्यांना कारण मिळालं होतं. "निकाल लागू दे," तुळशीराम म्हणायचा.

याच काळात अक्काच्या डाव्या डोळ्याची साय घट्ट होत चालली होती. दवाखान्यात म्हणाले, हा पण काढावा लागेल. मी म्हटलं, "अक्का, माझ्या खोलीवर चल. मी पत्र्यावर पाला टाकते, ओली पोती टाकते."

"न्हाय," ती म्हणाली. "तुजी खोली लांब, एक दिवसाआड कोन नेनार? टांगंवाला बसू दील का? आन शेवंते, निकाल लागला की मी त्या धर्मशाळंतच पडनार. उताणी. डॉक्टर म्हनला हुता तशी."

असं म्हणून तिनं एक डोळा गमावून झाल्यावर दुसरा डोळा सरकारच्या हवाली केला.

तिची साक्ष झाली तो दिवस थंडीतला होता, पण माझ्या आठवणीत तोही उन्हाळ्यातच बसलाय. आधी तुळशीराम उभा राहिला. शपथ घेतली आणि म्हणाला, "मी कुनाला अडवलं न्हाई. बाई आपनहून भाईर बसल्या." बोलताना तो सारखा आपल्या सुजलेल्या पायांकडं बघत होता. मग अक्का. पंचांच्या वकिलांनी चष्मा पुसला आणि मऊ आवाजात विचारलं,

"बाई, तुमच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती ना?"

"व्हय."

"मग तुम्हाला धर्मशाळेच्या माणसानंच अडवलं, हे दिसलं कसं?"

कोर्टात थोडं हसू पसरलं. अक्का म्हणाली, "डोळं बांदलं व्हतं, कान न्हाई. त्यानं जात इचारली. जात इचारायचा आवाज मला जल्मापासनं वळकू येतोय."

हसू थांबलं. तिला वाटलं आता बोलायची वेळ आली. कठड्यावर हात ठेवून तिनं तोंड वर केलं, "साहेब, माजा डोळा—"

न्यायाधीशांनी हात वर केला. "डोळ्याचा प्रश्न या दाव्यात नाही. विचारलं तेवढंच सांगा."

कायद्यानं ते बरोबर असेल. पुढं मी शिकले, पुस्तकं वाचली, बरोबरच होतं हे मला पटलं. पण त्या क्षणी अक्काचं वर केलेलं तोंड तसंच राहिलं आणि ओठ हळूहळू मिटले. तिच्या जिभेपुढं पाटील वाट बदलायचा. त्या दिवशी ती पहिल्यांदा गप्प बसलेली मी पाहिली.

दावा खरा तरला तो लक्ष्मम्मामुळं. तिचा नवरा पाय गेल्यावर बसूनच माग चालवू लागला होता आणि ती दोघं आता दवाखान्यामागच्या गल्लीत भाड्यानं राहत होती. तिनं साक्षीला येऊ नये म्हणून तिच्या माणसांनीच दम दिला होता. ती आली. मराठी तिला नीट येत नव्हती, दुभाषा उभा केला. "नेनु चूशानु," ती म्हणाली. दुभाष्यानं सांगितलं, "मी पाहिलं." दार लोटलेलं पाहिलं, तीन दिवस पाहिलं, भिजवून दिलेलं लुगडं रोज धुळीनं माखलेलं परत यायचं. पंचांच्या वकिलांनी तिला उलटसुलट विचारलं आणि तिनं दर प्रश्नाला तेच उत्तर दिलं, नेनु चूशानु. आमची ओळख तेव्हा झाली. कोर्टाच्या पायरीवर अक्कानं तिचा हात चाचपला, बांगड्या वाजवून पाहिल्या आणि म्हणाली, "व्हय, हीच."

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर निकाल लागला. न्यायाधीश इंग्रजीत वाचत होते, आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. वाचून झाल्यावर सरकारी वकील वळले आणि म्हणाले, "जिंकलो." ज्या साहेबानं पत्र लिहून हे सगळं सुरू केलं होतं त्याची तोवर बदली झाली होती. तो विलायतेला गेला म्हणे. त्याला कुणी कळवलं की नाही कोण जाणे. आम्ही मात्र वाड्यात हलगी वाजवली. मी निकालाची नक्कल कापडात बांधून उशाखाली ठेवली. धर्मशाळेवर पाटी लागली: सर्व जातिधर्मांच्या लोकांस खुली. मी दोनदा जाऊन ती वाचली. रंग ओला होता.

अक्काला निरोप गेला. शेळ्या शेजारणीच्या हवाली करून, घोंगडी-वाकळ घेऊन ती आली. दवाखान्यात दाखवलं; ऑपरेशनचा दिवस ठरला. "चल, आदी जागा बगून येऊ," ती म्हणाली. मी कापडात बांधलेली निकालाची नक्कल बरोबर घेतली आणि तिला हात धरून घेऊन गेले. वाटेत वारं सुटलं होतं. मी बोलत होते, आत किती गार आहे, कुठल्या कोपऱ्यात तिला झोपवायचं, वगैरे.

दाराला कुलूप होतं. पाटीच्या खाली दुसरा कागद चिकटवला होता. इमारत मोडकळीस आल्यामुळे दुरुस्तीसाठी बंद. मी खिडकीच्या गजांतून आत पाहिलं. ज्या फरशीवर माणसं निजायची तिथं छतापर्यंत सुताच्या गाठी रचलेल्या होत्या, कुणा व्यापाऱ्याच्या.

बाहेर झाडाखाली पाच-सहा रोगी आपापल्या माणसांसह बसले होते. सगळ्या जातींचे. बार्शीकडची एक शेतकरी बाई डोळ्याला पट्टी बांधलेल्या सासूला वारा घालत होती. तिनं आम्हाला ओळखलं असावं, किंवा हातातल्या कापडातल्या कागदावरून ताडलं असावं. ती म्हणाली, "तुमच्यामुळं आमचीबी सावली गेली की ओ."

अक्का तिला उत्तर देईल असं मला वाटलं. तिनं माझा हात ओढला आणि वाट धरली.

मी तशीच तिला घेऊन सरकारी वकिलांच्या घरी गेले. ते ओट्यावर सामानाच्या वळकट्या बांधत होते. सुट्टी लागायची होती. मी नक्कल त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती न उघडता परत दिली.

"धर्मशाळा असेल तर ती सगळ्यांना, एवढं आपण मागितलं आणि एवढं कोर्टानं दिलं," ते म्हणाले. "धर्मशाळा चालू ठेवाच, असं मागितलंच नव्हतं. त्यासाठी निराळा दावा लावावा लागेल. मी कागद वर पाठवतो."

"कधी?"

"सुट्टीनंतर बघू."

"साहेब, त्यांनी आम्हाला नको म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. हे दिसत नाही का कुणाला?"

त्यांनी वळकटीची दोरी दोनदा आवळली. "दिसतं, बाई," ते म्हणाले. "दिसतं. पण कागदावर दुरुस्ती आहे." तो भला माणूस होता, हे मी आधीच लिहिलंय. त्याचाच मला जास्त राग येतो. दुष्टावर ओरडता तरी येतं.

दुसरा दावा कधीच लागला नाही. दुरुस्तीही झाली नाही. माझ्या डोळ्यांदेखत त्या गाठी आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या, किती वर्षं. पाटी तशीच होती, रंग उडेपर्यंत.

अक्काला जागा दिली लक्ष्मम्मानं. मी मागायला गेले नव्हते. तिनंच ऐकलं आणि आमच्या खोलीवर आली, मोडक्या मराठीत म्हणाली, "मागाचं खोली हाय. थंड. तितं पडू दे." मागाच्या खड्ड्याशेजारी, ओल्या जमिनीवर तिनं वाकळ पसरली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर अक्का नऊ दिवस तिथं उताणी पडून राहिली, डोक्याशी मागाच्या धोट्याची खटखट. लक्ष्मम्माच्या भाऊबंदांनी तिच्या घरचं पाणी पिणं सोडलं. तिनं ते आम्हाला सांगितलंही नाही; मला फार नंतर कळलं. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण रडायला येतं ते याच्यासाठी की आम्ही उपकार मागायला निघालोच नव्हतो. हक्क म्हणून जे कोर्टानं शिक्का मारून दिलं ते कुलपात राहिलं, आणि मिळालं ते एका गरीब बाईच्या पोटातल्या मायेनं, तिनं त्याची किंमत मोजून. गल्लीतल्या त्या शिकलेल्या बाईंना हे मी कसं सांगू? त्या म्हणतील, पण शेवट तर चांगला झाला ना.

झाला. दहाव्या दिवशी पट्टी निघाली. अक्कानं डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पाणी घळाघळा वाहत होतं. तिनं माझं तोंड पाहिलं, हातानं चाचपून खात्री केली. लक्ष्मम्माकडं कितीतरी वेळ पाहत राहिली. इतके दिवस ती बाई तिला नुसती बांगड्यांचा आवाज होती. आम्हाला वाटलं आता ही देवळाकडं न्या म्हणेल.

ती म्हणाली, "मला ते कुलूप दाखीव."

उन्हात चालत गेलो. झाडाखाली त्या दिवशी कुणी नव्हतं. अक्का पायरी चढली, दाराशी गेली, वाकायला डॉक्टरनं मनाई केली होती तरी वाकली. एका डोळ्यानं, अगदी जवळून, तिनं ते कुलूप पाहिलं. बोट लावलं. पितळ चकाकत होतं.

"नवं हाय की गं," ती म्हणाली. "आमच्यासाटीच घेतलंय."